लास्मीच्या उशाची बाजू

आमच्या दक्षिण उतारावर डावं-उजवं कोणी कोणाला शिकवत नाही. दिशा शिकवतात, आणि त्याही शिकवाव्या लागत नाहीत. जिकडे मेरापी तिकडे उत्तर, संपलं. डोंगराला आम्ही आजोबा म्हणतो, आणि आजोबा कधी जागा सोडून जात नाहीत. मग घरात बोलणं असं चालतं: मिठाची वाटी जरा पश्चिमेला सरकव गं, गाईच्या दक्षिणेला उभा राहू नकोस, लाथ मारेल. परका माणूस हसतो. हसू दे की, आमचं काही अडत नाही.

कार्सोनोचंही साठ वर्षं अडलं नव्हतं. याच उतारावर तो जन्मला, इथलंच गवत कापून त्याने गाई पोसल्या, आणि उत्तर कुठे हा प्रश्न त्याला जन्मात पडला नाही. पडला तो बायकोच्या कबरीवर दगड बसवायला गेला त्या सकाळी, आणि असा पडला की बिचारा बांधावर मटकन खालीच बसला.

झालं होतं असं. तीन एक वर्षांपूर्वी आजोबांचं दक्षिणेकडचं तोंड फुटलं. कार्सोनोचं गाव होतं तिथे आता नुसता राखाडी दगडगोट्यांचा पट्टा आहे, त्यातून नदी स्वतःची वाट अजून शोधतेच आहे. माणसं वाचली, कारण ट्रक आले. ते ट्रक भर राखेच्या पावसात डोंगराला वळसा घालून पार पलीकडे गेले, मेरापी आणि मर्बाबू या दोन डोंगरांमधल्या खिंडीत, वोनोसेपी नावाच्या गावात. तिथल्या शाळेत सगळ्यांना ठेवलं. कार्सोनोची बायको लास्मी आधीच दम्याची. राखेने तिची छाती जी भरली ती भरलीच. शाळेच्या चटईवरच ती गेली, आणि त्या परक्या गावाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ट्रकांनी लोकांना खाली सपाटीवर नेलं, पुढे सरकारने तिथेच घरं दिली, लास्मी खिंडीतच राहिली.

आमच्याकडे कबरीवर दगड लगेच बसवत नाहीत. माती खाली बसायला वेळ द्यावा लागतो. तोवर उशाला एक आणि पायाला एक अशा दोन लाकडी खुंट्या असतात, दोन्ही सारख्याच. माती बसली की नातेवाईक जमतात, भाताचा शंकू करतात, दुआ म्हणतात आणि नावाचा दगड उशाकडे कायमचा रोवतात.

तो दगड छोट्या टेम्पोत घालून कार्सोनो आला होता. सोबत पोनिरान, लास्मीचा धाकटा भाऊ. हा पोनिरान कार्सोनोला कांग म्हणतो, म्हणजे दादा, आणि दादाला एक मिनिट गप्प बसू देत नाही.

"कांग, दगड घट्ट धरून बसलात तो! माझ्या बहिणीला जिवंतपणी एवढं धरलं असतंत तर!"

"पुढे बघून चालव."

"चालवतोय टेम्पोवाला. मी मागे तुमच्या शेजारी बसलोय. लक्ष कुठंय तुमचं?"

लक्ष खरंच नव्हतं. रस्ता चढत होता, कोबीचे वाफे आणि तंबाखूची शेतं मागे जात होती, आणि कार्सोनोला एवढंच वाटत होतं की आज बरं ऊन आहे. मधल्या काळात दोनदा तो इथे आला होता, दोन्ही वेळा खिंडीत धुकं असं की स्वतःचा हात दिसू नये. गावातल्या तुमिनीबाईंनी हाताला धरून कबरीपर्यंत नेलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "हे इकडे बसा, हे उसं." तो बसला होता.

आज धुकं नव्हतं. टेम्पो दफनभूमीच्या बांधापाशी थांबला, कार्सोनो उतरला, सवयीने आजोबांना हात जोडायला वर बघितलं, तर आजोबा भलतीकडेच.

म्हणजे सूर्य होता तिथेच होता, पूर्वेला. कबरी सगळ्या उत्तर-दक्षिण, तेही ठीक. पण मेरापी होता दक्षिणेला. काळा, उभा, शेंड्यावर पांढऱ्या धुराची बट. आणि उत्तरेला, जिथे मेरापी असायला हवा तिथे, दुसराच डोंगर बसलेला: मर्बाबू. हिरवा, रुंद, सुस्त.

"अरेच्चा!" पोनिरान म्हणाला. "कांग, डोंगर फिरला की हो!"

"डोंगर कसा फिरेल? आपण पलीकडे आलोय."

"ते कळतंय हो मला. पण दिसतंय कसं बघा! उलटी घातलेली टोपी जशी."

कार्सोनो हसणार होता. ओठापर्यंत आलंच होतं हसू. तेवढ्यात त्याला लास्मीला पुरलं त्या दुपारचा अंधार आठवला, आणि तोंडचं पाणी पळालं.

मेलेल्या माणसाला आमच्याकडे उत्तरेला डोकं करून, उजव्या कुशीवर निजवतात. तसं केलं की तोंड पश्चिमेला येतं, काब्याकडे. डोकं दक्षिणेला गेलं तर तोंड पूर्वेला जातं, म्हणजे सगळ्या गावाने एकीकडे बघायचं आणि त्या एकाच माणसाने पाठ फिरवायची. हे एवढं साधं लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तर खड्डा खणणारा जोयो, तुमिनीबाईंचा नवरा, त्या दिवशी वरून मानाने पाक, म्हणजे बाबा, म्हणत ओरडला होता, "डोकं उत्तरेला हं, पाक कार्सोनो!" आणि खाली खड्ड्यात लास्मीला दोन्ही हातांवर घेऊन उभा असलेला कार्सोनो खेकसला होता, "मला शिकवू नका! बायको माझी आहे!"

मग त्याने उत्तर शोधली होती. कशी शोधली होती? वर बघितलं होतं. राख पडत होती, भर दुपारी दिवेलागण झाली होती, सूर्य नावालाही नव्हता. एक क्षण राखेचा पडदा पातळ झाला आणि एका टोकाला डोंगराचा काळा खांदा दिसला. "ते काय आजोबा!" असं तो म्हणाला आणि त्या बाजूला लास्मीचं डोकं ठेवलं. मग तिच्या कानापाशी वाकून अजान दिली, फळ्या लावल्या, वर आला.

तो खांदा कोणाचा होता? मेरापीचा की मर्बाबूचा?

तो बांधावर बसला तो इथेच.

"पोनिरान," तो म्हणाला, "त्या दिवशी खड्ड्यात माझ्याबरोबर तू होतास."

"होतो की. पाय मी धरले होते."

"डोंगर दिसला होता तो कुठला?"

"मेरापी! दुसरा कुठला? धूर येत होता त्यातून, मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

"धूर सगळीकडेच होता रे."

"तरी मेरापीच. आजोबांना काय मी ओळखत नाही?"

कार्सोनो नुसता दक्षिणेकडे बघत राहिला. पोनिराननेही त्याच्या नजरेमागून मान वळवली. मग मर्बाबूकडे वळवली. मग कबरीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"नाही, थांबा," तो घाईघाईने म्हणाला. "मर्बाबूच होता. आता आठवलं. रुंद होता, मेरापी कसा टोकदार असतो. हा चांगला रुंद होता."

"आत्ता मेरापी म्हणालास."

"चुकून म्हणालो!"

"शपथ घे."

"शपथ कशाला घ्यायची मधेच?"

"घे ना. बहीण आहे तुझी."

पोनिरानने शपथ घेतली नाही. लवंगेची सिगारेट काढली, ओठात उलटी धरली, पुन्हा सुलटी केली आणि पेटवायचं विसरला. कार्सोनोला त्याचा एवढा संताप आला की ती सिगारेट हिसकावून फेकावी. पण राग पोनिरानवर कसला काढायचा? उत्तर काही त्याने शोधली नव्हती.

एवढ्यात गावचा मौलवी आला. जुना मौलवी मागच्या वर्षी वारला, जोयोही वारला. हा रोफिक नवा होता, पंचविशीतला पोरगा, गोड गळ्याचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दाढी नव्हती तिथे हनुवटी कुरवाळली.

"उकरून बघायचं का?" कार्सोनोने सरळच विचारलं.

"अहो नाही, नाही! इतक्या दिवसांनी? आता आत काय असणार, पाक? आता तिला हलवणं म्हणजे तिची विटंबना. ते होणार नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुमची नियत साफ होती. अल्लाला ठाऊक आहे."

"त्याला ठाऊक आहे हो! मला कसं कळायचं?"

रोफिक गोंधळला. असा प्रश्न त्याला कोणी शिकवला नसावा. "तुम्ही दगड सगळ्यांसारखा उत्तरेला बसवा ना," तो समजुतीने म्हणाला. "रांगेत दिसेल."

"रांगेत दिसेल, बरोबर. आणि तिचे पाय असले तिकडे तर? दर वेळी मी एवढा घाट चढून येणार, दुआ म्हणणार, चार गोष्टी सांगणार, त्या कोणाला? तिच्या तळव्यांना?"

पोनिरान फिस्सकन हसला आणि लगेच त्याने तोंडावर हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माणसाचं असंच होतं कधी कधी, दोन्ही एकदम येतात.

कार्सोनो उठून कबरीभोवती फिरला. एका खुंटीपाशी उभा राहिला, मग दुसऱ्या. खड्ड्यातून वर येताना आपण कोणत्या टोकाने आलो? एक मूळ हाताला लागलं होतं, चाफ्याचं. चाफा आत्ताही होता, पण नेमका पूर्वेच्या अंगाला, दोन्ही टोकांपासून सारखाच लांब. मुळं काय, कुठेही जातात. वर आल्यावर कोणी पाणी दिलं होतं, ते प्यायला तो कुठे तोंड करून उभा होता? काहीच आठवेना. जे आठवे ते पुन्हा विचारलं की बदले. मघाशी पहिल्यांदा तो खांदा टोकदार आठवला होता. पोनिरान रुंद म्हणाल्यावर तो रुंदही आठवायला लागला. आता तर त्याला दोन खांदे दिसत होते, दोन्ही टोकांना, आणि मध्ये लास्मीला हातावर घेऊन तो स्वतः, इकडे वळतोय, तिकडे वळतोय.

त्याला रडू येत नव्हतं. रडायला निदान एक बाजू तरी पक्की लागते.

तुमिनीबाई तेव्हा आल्या. बुटक्या, खांद्यावर शाल, एका हातात चहाची किटली आणि दुसऱ्यात गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली. लास्मीला शेवटची आंघोळ यांनीच घातली होती, स्वतःच्या घरच्या पाण्याने. आणि तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी स्वतःच्या माणसांच्या कबरींवर फुलं घालायला आल्या की एक मूठ लास्मीलाही घालत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं.

"काय झालं? सगळे असे का उभे? भात निवतोय घरी."

पोनिरानने सांगितलं. तो सांगत असताना त्या किटली धरूनच उभ्या होत्या. मध्येच कार्सोनोकडे बघत, मध्येच मेरापीकडे. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी किटली खाली ठेवली, शाल सावरली.

"हेच होय?" त्या म्हणाल्या. "अहो, ते तर त्याच दिवशी झालं सरळ."

"काय झालं?"

"तुम्हाला सांगितलं नाही आम्ही. तुमची अवस्था काय होती तेव्हा! घर गेलेलं, गाई गेलेल्या, बायको गेलेली. संध्याकाळी राख थांबली, मेरापी दिसायला लागला, आणि माझा नवरा म्हणाला, अगं, पाक कार्सोनोंनी चुकीच्या डोंगराकडे डोकं केलंय. मग जुन्या मौलवींना बोलावलं. ते दोघं उतरले. कंदील मी धरला. वळवली तिला, व्यवस्थित, उत्तरेला डोकं, पश्चिमेला तोंड. पुन्हा माती घातली. झालं."

पोनिरानने आता मात्र भोकाडच पसरलं. रोफिकने "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. "बघा!" पोनिरान कार्सोनोचा दंड हलवत म्हणाला. "बघा कांग! उगीच जीव टांगणीला लावलात!"

कार्सोनो तुमिनीबाईंकडे बघत होता. त्या टोपलीतल्या पाकळ्या सारख्या करत होत्या, सारख्याच असलेल्या पाकळ्या.

आता एक गोष्ट होती जी पोनिरानलाही ठाऊक नव्हती. पाय धरून तो दुसऱ्या टोकाला होता, फळ्या घ्यायला वर वळला होता. तेवढ्यात कार्सोनोने स्वतःच्या कमरेला गुंडाळलेलं लास्मीचं लाल कापड काढून, घडी करून तिच्या डोक्याखाली सारलं होतं. बाजाराचा भारा पाठीवर बांधायचं तिचं ते कापड, पळताना तेवढं एकच घरून आलं होतं. असं काही घालत नाहीत. डोक्याखाली मातीची ढेकळं ठेवतात, गालाला माती लागावी म्हणून. पण त्याला ती राख मिसळलेली माती तिच्या गालाला लावावीशी वाटली नव्हती.

"बू तुमिनी," त्याने बाईंना मानाने हाक मारून विचारलं, "तुम्ही कंदील धरला होता ना? तिच्या डोक्याखाली काय होतं?"

त्यांचा हात टोपलीत थांबला.

"काय असणार?" त्या म्हणाल्या. "ढेकळं. सगळ्यांच्या असतात तशी."

कार्सोनोने मान हलवली. लाल भडक कापड, कंदिलाच्या उजेडात दिसणार नाही? अंधार होता, राख होती, बाई वर उभी होती, खाली बघवलं नसेल तिला. नसेलच बघवलं. की उतरलंच नव्हतं कोणी? त्या संध्याकाळी राख थांबली होती का मुळात? त्याला आठवत होतं की ती रात्रभर शाळेच्या पत्र्यावर पडत होती. पण आज त्याला काय काय आठवत होतं, त्यावर काय विश्वास ठेवायचा! खोटं बोलताय असं म्हणायला तोंड उघडलं असतं तर शब्द आला असता. पण समोर ती बाई उभी होती, जिने ओळखही नसलेल्या लास्मीला आंघोळ घातली, तिचे केस विंचरले.

"हो," तो म्हणाला. "ढेकळंच होती."

तुमिनीबाईंनी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

मग कामाला वेग आला. टेम्पोवाला आणि पोनिरान यांनी दगड उचलला, मर्बाबूच्या बाजूची खुंटी काढली, खड्डा केला, दगड रोवला. रोफिकने सुरेख आवाजात दुआ म्हटली. तुमिनीबाईंनी दगडापाशी पाकळ्या घातल्या. दगड रांगेत अगदी झकास दिसत होता. पोनिरान दोन पावलं मागे सरून म्हणाला, "जरा पूर्वेला कललाय का?"

"चला आता जेवायला," तुमिनीबाई म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे," कार्सोनो म्हणाला. "मी येतो."

सगळे बांध उतरून गेले. कार्सोनो थोडा वेळ दगडापाशी उभा राहिला, त्यावरचं नाव वाचलं. मग तो वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेला, मेरापीच्या बाजूला, जिथे अजून खुंटीच होती. तिथे गवतात बसला. हात मातीवर ठेवला.

"लास्मी," तो म्हणाला, "मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. तू इथे आहेस का तिथे, मला काही कळत नाही. तो माणूस सांगत होता तर मी त्याच्यावर ओरडलो. विचारायला हवं होतं मी. कोणाला तरी विचारायला हवं होतं, उत्तर कुठे म्हणून."

आणि आता त्याला रडू आलं. चांगलं मोठ्याने आलं.

मागे पावलं वाजली. तुमिनीबाई राहिलेली किटली न्यायला परत आल्या होत्या. त्यांनी त्याला बघितलं, तो कोणत्या टोकाला बसलाय ते बघितलं. कार्सोनो गडबडून उठायला लागला, चोरी पकडली जावी तसा. काहीतरी सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, इकडे सावली होती, पाय दुखत होते, असलं काहीतरी.

"बसा," त्या म्हणाल्या.

टोपलीच्या तळाशी उरल्या होत्या त्या पाकळ्या त्यांनी ओंजळीत घेतल्या, त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि त्या टोकाच्या मातीवर नीट पसरल्या, एकही गवतात पडू न देता. त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"गुरुवारी मी दोन्हीकडे घालत जाईन," त्या म्हणाल्या. "फुलं काय, खूप असतात आमच्याकडे."